दिवटी कोणाच्या हाती?

प्रेक्षणीय स्थळे पाहावयास जाणारा मनुष्य साधारणतः अशा समजुतीत असतो की, प्रवासाचे भाडे दिले, प्रवेशाचे तिकीट काढले आणि फार झाले तर वाटाड्याच्या हातावर चार पैसे ठेवले, म्हणजे त्या स्थळाशी आपला हिशेब पुरा झाला. पुढे जे डोळ्यांना दिसेल ते आपले. त्याबद्दल कोणाचे काही देणे उरत नाही. ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की, तिच्याविषयी शंका घेणे म्हणजे सणाच्या दिवशी अभद्र बोलण्यासारखे वाटते. तथापि तिची एकदा नीट चौकशी करावी, असे आमच्या मनात बरेच दिवस घोळत आहे. पाहणारा हा कोणाचा ऋणी असतो काय, आणि असल्यास ते ऋण फिटते कसे, हा आमचा प्रश्न. तो नुसत्या तर्काने सोडवू गेल्यास शब्दांचा खेळ व्हावयाचा. म्हणून एका प्रत्यक्ष स्थळाच्या इतिहासाच्या आधारे तो मांडावा असे योजिले आहे.

अमेरिकेच्या केंटकी संस्थानात ग्रीन नदीच्या काठी ज्या टेकड्या आहेत, त्यांच्या पोटात चुनखडीच्या दगडात पाण्याने कोरलेली एक गुहा आहे. तिला 'मॅमथ केव्ह' म्हणतात. हे नाव त्या लुप्त झालेल्या केसाळ हत्तीवरून पडलेले नसून केवळ तिच्या प्रचंडपणावरून पडले आहे. आजवर तिच्या भुयारांची जी मोजणी झाली आहे ती ४२० मैलांहून अधिक भरते, आणि मोजणी अद्याप संपलेली नाही. जगात दुसरी इतकी लांब गुहा ज्ञात नाही. १९४१ साली तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, १९८१ साली जागतिक वारशाच्या यादीत तिचे नाव गेले. प्रतिवर्षी लक्षावधी माणसे ती पाहावयास येतात. त्यांना तेथे जी पहिली विशाल दालने दाखवितात त्यांपैकी एकात जाड लाकडी फळ्यांचे चौकोनी हौद आणि पोखरलेल्या ओंडक्यांचे लांबच लांब नळ पडलेले दिसतात. गुहेतील हवा कोरडी व थंड असल्यामुळे दोनशे वर्षे लोटली तरी ते लाकूड कुजलेले नाही. हे हौद सोऱ्याचे होत, आणि आमच्या प्रश्नाची सुरुवात या हौदांपाशीच होते.

बंदुकीच्या दारूत शंभर भागांत सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असतो. कोळसा कोठेही पाडता येतो, गंधक विकत मिळतो. खरी अडचण असते ती सोऱ्याची. सेंद्रिय द्रव्य कुजून जमिनीतील सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने मातीत नायट्रेटे तयार होतात. परंतु पावसाच्या देशात ती पाण्याबरोबर वाहून जातात. जेथे पाऊस पोचत नाही अशा कोरड्या गुहेच्या मातीत मात्र ती शतकानुशतके साठून राहतात. मॅमथ गुहेतील माती कुदळींनी खणून बैलगाड्यांतून हौदांपाशी आणीत. बाहेरील पाणी लाकडी नळांनी आत आणून ते हौदांत मातीवर सोडीत. पाण्यात विरघळलेला क्षार खाली जमा झाला म्हणजे पंपांनी उपसून दुसऱ्या नळांनी गुहेबाहेर नेत. तेथे त्यात लाकडाच्या राखेचे पाणी मिसळले म्हणजे चुन्याचा अंश तळाशी बसे आणि खरा सोरा पाण्यात राही. मग ते पाणी मोठमोठ्या काहिलींत आटवावयाचे. आमच्याकडे गुऱ्हाळात ज्यांनी उसाचा रस आटताना पाहिला आहे, त्यांना त्या कामातील धग, धूर आणि जागरण यांची कल्पना सहज येईल.

हा उद्योग एकाएकी वाढीस का लागला याचे कारण पाहू गेल्यास नजर आमच्याच देशाकडे वळते. त्या काळी जगातील उत्तम सोऱ्याचे आगर म्हणजे बिहार. तेथील नोनिया जातीचे लोक जुन्या गावठाणांची, गोठ्यांची, मातीच्या भिंतींची पांढरी पडलेली लोणा माती खरवडून, ती पाण्यात धुऊन, आटवून सोरा काढीत. १७५८ साली क्लाइव्हने मीर जाफरकडून या व्यापाराचा मक्ता कंपनीसाठी मिळविला, आणि पाटण्याचा सोरा इंग्रजांच्या तोफांचे अन्न बनला. अमेरिकेतही हिंदुस्थानचाच सोरा जाई. परंतु १८०७ साली अमेरिकेने परदेशी व्यापारावर बंदी घातली, आणि १८१२ साली तिचे इंग्लंडशी युद्ध जुंपले. बाहेरचा सोरा तुटला, भाव भडकला, आणि केंटकीच्या गुहांतील मातीला मोल आले. मॅमथ गुहा चार्ल्स विल्किन्स व हायमन ग्रॅट्झ या दोन व्यापाऱ्यांच्या ताब्यात होती. तेथून सोरा पूर्वेकडील दारूच्या कारखान्यांस जाई. हे काम करणारी माणसे सुमारे ७० होती, आणि ती काळी गुलाम होती.

या सत्तर जणांविषयी इतिहास जवळजवळ मुका आहे. मालकांची नावे आहेत, व्यवहाराची पत्रे आहेत, हौदांच्या फळ्या आहेत. गाड्यांच्या चाकोऱ्या आणि बैलांचे खूर मातीत उमटले तेही आजवर टिकून आहेत. बैलांच्या पावलांचे ठसे राहिले, पण गाडी हाकणाऱ्याचे नाव राहिले नाही. १८११ च्या डिसेंबरात मिसिसिपीच्या खोऱ्यात जे मोठे भूकंप झाले त्यांचे हादरे या गुहेतही बसले. त्या वेळी आत दिव्याच्या उजेडात माती खणणाऱ्यांना काय वाटले असेल, हे सांगावयास त्यांच्यापैकी कोणाचाही शब्द उरलेला नाही. बिहारच्या नोनियाची गोष्ट याहून निराळी नाही. समुद्राच्या एका बाजूचा अनाम हात दुरावला, तेव्हा दुसऱ्या बाजूचा अनाम हात कामास जुंपला गेला. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा म्हणून त्यांच्यावर बोट रोखण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमच्या देशातील सोरा धुणाऱ्याचे नाव आम्ही तरी कोठे टिपून ठेवले आहे?

१८१५ च्या आरंभी युद्ध मिटले, सोऱ्याचा भाव कोसळला आणि काहिली थंड झाल्या. परंतु गुहेची कीर्ती तोपर्यंत पसरली होती. १८१६ पासून लोक पैसे देऊन ती पाहावयास येऊ लागले. मातीचे उत्पन्न बुडाले, आश्चर्याचे उत्पन्न सुरू झाले. आणि गंमत अशी की, कालपर्यंत जे हौद कष्टाचे साधन होते तेच आज कौतुकाचा विषय झाले. बदलला नाही तो एकच भाग. पुढे आत दिवा घेऊन वाट दाखविणारा मनुष्यही गुलामच होता.

१८३८ साली ग्लासगो गावच्या फ्रँकलिन गोरिन या वकिलाने गुहा विकत घेतली आणि स्टीफन बिशप नावाच्या सुमारे सतरा वर्षांच्या आपल्या गुलामास वाटाड्याचे काम दिले. पुढच्याच वर्षी त्याने गुहा डॉक्टर जॉन क्रोघन यांस विकली, आणि गुहेबरोबर स्टीफनही विकला गेला. या मुलाने काय केले ते पाहावे. 'अथांग विवर' म्हणून जी खोल दरी होती, जिच्यापलीकडे कोणी गेले नव्हते, ती त्याने ओलांडली. पलीकडे त्यास नवी भुयारे सापडली, भूगर्भातील नद्या सापडल्या, आणि त्या नद्यांत डोळे नसलेले पांढरे मासे सापडले. १८४२ साली मालकाच्या घरी बसून त्याने केवळ स्मरणाने साऱ्या गुहेचा नकाशा काढला. १८४४ साली तो छापून निघाला, आणि विशेष हे की त्यावर त्याचे नाव होते. ज्या देशात त्याचे शरीर कायद्याने दुसऱ्याच्या मालकीचे होते, त्या देशातील त्या भूमीचे ज्ञान त्याच्याइतके दुसऱ्या कोणासही नव्हते. खताप्रमाणे जमिनीचा मालक एक होता. वाटांचा मालक दुसराच होता.

याच क्रोघन डॉक्टरांनी १८४२ च्या हिवाळ्यात आणखी एक प्रयोग केला. गुहेतील हवा बारा महिने एकसारखी असते, लाकूड सडत नाही, तेव्हा क्षयाच्या रोग्यांस ती मानवेल असा त्यांचा तर्क होता. सुमारे सोळा रोगी आत झोपड्या बांधून काही महिने राहिले. अंधारात, चुलींच्या आणि दिव्यांच्या धुरात त्यांचा खोकला वाढतच गेला; काही तेथेच वारले आणि उरलेले बाहेर आले. त्यांपैकी दोन दगडी झोपड्या आजही उभ्या आहेत. १८४९ साली डॉक्टर स्वतः त्याच रोगाने गेले. त्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु रोग्यांची शुश्रूषा ज्यांच्या हातून होत होती, त्यांना त्या धुरात राहावयाचे आहे की नाही, हे कोणी विचारले नव्हते. परोपकारालाही कधी कधी दुसऱ्याचे खांदे लागतात, आणि ते खांदे परोपकाराच्या हिशेबात धरले जात नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अशा स्थळी जाऊन विस्मयाने पाहणाऱ्या मनुष्यावर काही देणे चढते काय? यास तीन प्रकारची उत्तरे ऐकू येतात.

पहिले उत्तर असे की, काहीही चढत नाही. जे झाले ते होऊन गेले. पाहणाऱ्याने कोणास जुंपले नाही, कोणास विकले नाही. सौंदर्य हे नदीच्या पाण्यासारखे आहे, ते पिताना उगमाची चौकशी करण्याचे कारण नाही. हे उत्तर व्यवहारी दिसते. परंतु पाहण्याला कसलेच बंधन नाही असे एकदा मानले म्हणजे ते कोठवर जाते, याचेही उदाहरण त्याच भागाने घालून दिले आहे. १९२५ च्या जानेवारीअखेर फ्लॉइड कॉलिन्स हा गुहांचा शोधक प्रवाशांना दाखविण्याजोगी नवी गुहा शोधीत असता जवळच्याच एका भुयारात अडकला. पायावर दगड पडून त्यास हलता येईना. दोन आठवड्यांहून अधिक काळ सुटकेचे प्रयत्न चालले होते. आणि वर मैदानात हजारो लोक जमले, खाद्यपदार्थांची दुकाने लागली, जत्रा भरली. सुटका होण्यापूर्वीच तो मेला. दोन वर्षांनी त्याचे प्रेत काचेच्या झाकणाच्या पेटीत घालून, त्यानेच शोधलेल्या एका गुहेत प्रवाशांच्या दर्शनासाठी ठेवण्यात आले. १९८९ साली त्यास शेवटी मातीचा विसावा मिळाला. त्या जत्रेतील प्रत्येक मनुष्य असेच म्हणाला असता की, मी कोणावर दगड टाकला नाही, मी फक्त पाहावयास आलो. 'फक्त पाहणे' हे तितके निरपराध नाही, एवढे या प्रसंगावरून दिसावे.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट आहे. ज्या स्थळास गुलामांचा घाम लागला ते पाहूच नये, त्यातील आनंद हा चोरीचा माल होय, असे काही सात्त्विक मने म्हणतात. या उत्तरातील कळकळ आम्हांस मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही. कारण हाच नियम लाविल्यास मनुष्याने पाहण्यासारखे पृथ्वीवर फार थोडे उरेल. शिवाय डोळे मिटून घेतल्याने त्या सत्तर जणांचे काय भले होणार? त्यांच्या कष्टांची जी एकमेव साक्ष उरली आहे ती तेथेच, त्या हौदांच्या फळ्यांवर आहे. साक्षीदाराकडे पाठ फिरविणे हा न्याय नव्हे.

तिसरे उत्तर सुसंस्कृत माणसे देतात, आणि आम्हीही बराच काळ तेच देत होतो. ते असे की, पाहावे, पण कृतज्ञतेने पाहावे. राबणाऱ्यांचे स्मरण ठेवावे, म्हणजे ऋण फिटले. आमच्या परंपरेशी हे जुळतेही. जन्मतःच मनुष्यावर ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे असतात, असे वेदकालापासून आम्ही मानीत आलो. परंतु विचार करता या उत्तरातील एक खोट ध्यानात आली. ऋषींनी ज्ञान दिले, पितरांनी देह दिला. देणारा तेथे आपल्या इच्छेने देत होता. गुलामाने काही दिले नाही. त्याच्यापासून ते घेतले गेले. जे दिलेच नाही त्याबद्दल आभार कसे मानावयाचे? कोणाच्या घरातील भांडे बळाने उचलून आणावे, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यात जेवून प्रत्येक घासाला 'आपले मोठे उपकार झाले' असे म्हणावे, तर ती कृतज्ञता नव्हे, ती विटंबना होय. तशी कृतज्ञता घेणाऱ्याच्या मनाला गोड लागते, एवढाच तिचा उपयोग. बळजोरीला दानाचे रूप देऊन ती मूळच्या अन्यायावर पांघरूण घालते.

यास्तव आमच्या मते येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. जे घेतले गेले त्याला कबुली पाहिजे. जे दिले गेले त्याला कृतज्ञता पाहिजे. हौदांतील मातीचे कष्ट घेतले गेले. त्यांच्यासमोर उभे राहून पाहणाऱ्याने एवढेच म्हणावे की, हे बळाने झाले, आणि त्याचा लाभ माझ्यापर्यंत आला आहे. त्यापुढे गोड शब्द जोडू नयेत. परंतु स्टीफनने अथांग विवर ओलांडले ती गोष्ट निराळी. मालकाने त्यास प्रवासी हिंडवावयास सांगितले असेल. जेथे कोणी गेले नाही तेथे जाण्याची ओढ मात्र कोणत्याही मालकाला हुकमाने निर्माण करता आली नसती. नकाशा काढण्यास त्यास बसविले असेल. पण तो ज्या स्मरणातून उतरला ते स्मरण विक्रीच्या खतात लिहिलेले नव्हते. ते त्याचे होते आणि ते त्याने जगाला दिले. तेथे कृतज्ञता शोभते.

यावर कोणी म्हणेल, गुहेत त्यास असा आनंद लाभला, तर मग त्याची गुलामी तितकीशी दुःसह नसावी. हा तर्क अत्यंत घातक आहे. तुरुंगाच्या खिडकीतून चंद्र दिसला म्हणून भिंतीचे श्रेय चंद्राला किंवा चंद्राचे श्रेय भिंतीला द्यावयाचे नसते. स्टीफनने जे दिले ते गुलामीमुळे नव्हे, गुलामी असूनही दिले. आपल्या मालकाच्या मृत्युपत्राप्रमाणे सात वर्षे वाट पाहून १८५६ साली तो मुक्त झाला, आणि १८५७ साली, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, वारला. स्वातंत्र्याचे एक वर्ष त्याच्या वाट्यास आले. त्याच्या कर्तृत्वाची मोजदाद करताना हा आकडाही त्याच पानावर लिहिला पाहिजे.

या गुहेच्या छतावर हजारो नावे आहेत. गेल्या शतकापूर्वीच्या प्रवाशांना आपले नाव मागे ठेवण्याची मोठी हौस. तेव्हा वाटाडे काठीला मेणबत्ती बांधून तिच्या काजळीने छतावर ती नावे उमटवून देत आणि त्याबद्दल बक्षिसी घेत. स्टीफनला अक्षरओळख झाली ती अशीच, दुसऱ्यांची नावे पाहता पाहता, असे सांगतात. दुसऱ्याच्या अमरत्वाची हौस पुरविताना एक गुलाम लिहावयास शिकला, यात काव्यगत न्याय आहे खरा. परंतु नावांच्या या हौसेत आमची माणसे किंवा आमच्याकडे आलेली माणसे मागे आहेत असे नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील खांबावर २८ एप्रिल १८१९ या तारखेसह जॉन स्मिथ या गोऱ्या लष्करी अंमलदाराने आपले नाव कोरले आहे. त्यास ती वाट एका गुराख्याच्या पोराने दाखविली अशी आख्यायिका आहे. साहेबाचे नाव खांबावर आहे; पोराचे नाव कोणास ठाऊक नाही.

उलट कार्ल्याच्या चैत्यगृहात गेल्यास तेथील दात्यांच्या लेखांबरोबर एक लेख असाही आढळतो की, ज्यात प्रवेशद्वार घडविणाऱ्या सुताराचे नाव आहे. धेनुकाकटाचा सामी, वेणुवासाचा पुत्र. दोन हजार वर्षांपूर्वी कोणास तरी वाटले की, द्रव्य देणाऱ्याबरोबर हत्यार धरणाऱ्याचेही नाव राहावे. तेव्हा राबणाऱ्याचे नाव विसरणे हा काही सृष्टीचा नियम नव्हे. ती आमची निवड आहे.

नाव लिहिण्याचेही दोन प्रकार आहेत, हे मॅमथ गुहेच्याच एका प्रसंगावरून समजते. शेजारच्या फ्लिंट रिजच्या गुहांतून शोधक पुढे पुढे सरकत होते. १९७२ साली पाण्याने भरलेल्या एका ठेंगण्या वाटेत त्यांना भिंतीवर ओरखडलेले 'पीट एच.' हे नाव दिसले, आणि नावाजवळ एक बाण. पीट हॅन्सन हा १९३८ च्या सुमारास मॅमथच्या बाजूने तेथवर आलेला शोधक. दुसऱ्या महायुद्धात तो मारला गेला होता. त्या बाणाने मेलेल्या माणसाने जिवंतांना वाट दाखविली, आणि त्याच वर्षी ९ सप्टेंबरला दोन्ही गुहा एकच असल्याचे सिद्ध झाले. छतावरील हजारो नावे 'मी आलो होतो' एवढेच सांगतात. हे एक नाव 'इकडून जा' असे सांगते.

१८५० साली या गुहेस एमर्सन या तत्त्वज्ञाने भेट दिली. तेथे 'तारकागृह' नावाचे एक दालन आहे. त्या काळी वाटाड्या प्रवाशांचे दिवे काढून घेई, आणि काळ्याभोर छतावर तारे चमकू लागल्याचा भास होई. वस्तुतः ते छतावरील खनिजांचे पांढरे ठिपके असत, आणि कोठेतरी अर्धवट झाकून धरलेल्या दिव्याचा उजेड त्यांवर पडत असे. पुढे १८६० साली प्रसिद्ध झालेल्या भ्रमांवरील आपल्या निबंधाचा आरंभ एमर्सनने या अनुभवाने केला आहे. मनुष्याचे सारे जीवन अशा भासांनी वेढलेले आहे, हा त्याचा विचार. विचार थोर आहे. पण आम्हांस राहून राहून त्या झाकलेल्या दिव्याची आठवण होते. तो दिवा कोणीतरी हातात धरला होता, आणि त्या काळी तेथील वाटाडे गुलाम होते. गुलामगिरीविरुद्ध ज्याने पुढे निर्भीडपणे भाषणे केली त्या तत्त्वज्ञालाही त्या दालनात भ्रमाचे तारे दिसले आणि निबंधाचा विषय सापडला. दिवा धरणाऱ्याची गुलामी त्या निबंधाचा विषय झाली नाही. हा एमर्सनवर आरोप नव्हे. ज्याच्या हातात दिवा असतो तो स्वतः अंधारातच राहतो, ही उजेडाची रीतच आहे.

हे आम्ही मोठ्या तोऱ्याने लिहीत नाही. तीस वर्षांपूर्वी काही विद्यार्थ्यांसह आम्ही वेरूळास गेलो होतो. दहाव्या लेण्यात, ज्यास तेथील लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात, भर दुपारीही आतील मूर्ती अंधारात होती. एक वृद्ध सेवक बाहेर उन्हात आरसा घेऊन उभा राहिला आणि त्याने सूर्याचा कवडसा बरोबर बुद्धाच्या मुखावर पाडला. आम्ही त्या मुखावरील शांतीविषयी विद्यार्थ्यांशी जवळजवळ अर्धा तास बोललो. करुणेवरही बोललो असू. बाहेर आलो तेव्हा तो मनुष्य चैत्रातल्या उन्हात तसाच उभा होता, डोळे किलकिले करून, हात थोडे थरथरत असलेले. त्यास आम्ही काही पैसे दिले आणि पुढच्या लेण्याकडे वळलो. बुद्धाचा चेहरा आजही डोळ्यांपुढे येतो. त्या माणसाचा चेहरा कितीही आठवला तरी आठवत नाही. त्याचे नाव विचारावे हे तेव्हा सुचलेच नाही. तो गुलाम नव्हता, पगारी सेवक होता. त्याच्यावर आम्ही काही अन्याय केला असे कोणत्याही न्यायालयात ठरणार नाही. तरी पण करुणेवर बोलणाऱ्या आमच्या शब्दांत त्या दिवशी काहीतरी उणे होते, हे मन सांगते.

यावरून ऋणाच्या फेडीविषयी आमचे मत असे बनले आहे. मेलेल्यांना आपण काही परत करू शकत नाही. पण आमच्या पूर्वजांनी कल्पिलेल्या ऋणांतही फेड बहुधा पुढेच होत असे. ऋषींचे ऋण अध्ययनाने आणि पितरांचे ऋण संततीने फेडावयाचे, म्हणजे जे मिळाले ते पुढच्याच्या हाती द्यावयाचे. त्याच रीतीने, गेलेल्यांविषयी खरी कबुली द्यावी. ज्यांनी दिले त्यांची कृतज्ञता बाळगावी. आणि फेड करावयाची ती आज ज्याच्या हाती दिवटी आहे त्याच्यापाशी करावी. त्याचे नाव विचारावे, त्याची मजुरी पुरी असावी असा आग्रह धरावा, आणि त्यास उन्हात उभे करून सावलीत करुणेवर बोलू नये. एवढ्याने जग सुधारेल असे नाही. परंतु पाहणाऱ्याची दृष्टी तरी सुधारेल, आणि दृष्टी सुधारल्यावाचून पाहणे हे पाहणे होत नाही.

स्टीफन बिशपच्या थडग्यावर कितीतरी वर्षे साधा दगडही नव्हता. गुहा पाहून गेलेल्या पिट्सबर्गच्या एका धनिकाला ती गोष्ट लागून राहिली, आणि १८८१ साली त्याने एक शिला पाठविली. ती मुळात यादवी युद्धातील एका सैनिकासाठी घडविलेली होती आणि तिच्या धन्याने नेली नव्हती. तीवरील जुने नाव काढून स्टीफनचे नाव घातले. मृत्यूचे सालही चुकले, १८५७ ऐवजी १८५९ पडले. शिला उसनी, साल चुकीचे, आणि तीही चोवीस वर्षे उशिरा. मनुष्याची कृतज्ञता बहुधा अशीच असते. तरीही त्या शिलेवर तो या गुहेचा पहिला वाटाड्या आणि शोधक होता असे कोरलेले आहे, आणि त्यातील 'पहिला' हा शब्द सोडला तर वाटाड्या आणि शोधक हे दोन शब्द तरी खरे आहेत. त्या सत्तर जणांसाठी मात्र अशी उसनी शिलादेखील मिळाली नाही. त्यांच्या नावे तेथे काही असेल तर ते रिकामे हौदच.